मोरारजी पाटल्या

परवा क्लायंटने तिसऱ्यांदा रिक्वायरमेंट बदलली आणि मला एकदम आजीच्या पाटल्या आठवल्या. तिचं लग्न १९६३ मधलं. पाटल्या १४ कॅरेटच्या. ती त्यांना 'मोरारजी पाटल्या' म्हणायची.

झालं असं, की १९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारकडे परकीय चलनाचा खडखडाट होता. लोकांचा सोन्याचा सोस कमी व्हावा म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आणलं. नवे दागिने जास्तीत जास्त १४ कॅरेटचे, म्हणजे सोनं जेमतेम ५८ टक्के! २२ कॅरेटवर हात बसलेले कित्येक सोनार बेकार झाले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. गिऱ्हाइकाचा सोस काही सुटला नाही. चोरटं सोनं येतच राहिलं.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी जुने दागिने मोडून जास्त कॅरेटचे घडवायची सवलत मिळाली. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अटच गेली. सोनार हुश्श करतात तोवर १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा रीतसर कायदा आला: परवाने, नोंदवह्या, तपासण्या. तो रद्द झाला थेट १९९० मध्ये.

वाईट नियमाशीही माणूस जुळवून घेतो हो. पण उद्याचा नियमच माहीत नसेल, तर मुलाच्या हातात हातोडी द्यायची की त्याला दुसऱ्या धंद्याला लावायचं?

आमचा प्रोजेक्ट फार तर दोन आठवडे लांबेल. सोनाराच्या पोराचं शिकायचं वयच निघून गेलं.