अंधांची वाचनसाधने आणि लिपीची एकवाक्यता : मुंबई परिसरातील एक शतक

साधनांचा इतिहास लिहिताना तो सामान्यतः चढत्या भाजणीने मांडण्याचा प्रघात आहे. आधी काठी, मग ठिपक्यांची लिपी, नंतर ध्वनिमुद्रण आणि शेवटी संगणक, असा हा क्रम असतो. मुंबई व तिच्या उपनगरांतील अंधांच्या साधनांचा विचार करता हा क्रम कालदृष्ट्या बरोबर ठरतो. परंतु त्यातून कार्यकारणाचा उलगडा होत नाही. साधन किती उपयोगी पडले, हे यंत्राच्या गुणापेक्षा लिपीच्या एकवाक्यतेवर अधिक अवलंबून राहिले, असे दिसून येते.

लुई ब्रेल याने आपली सहा ठिपक्यांची पद्धती १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. हिंदुस्थानातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे निघाली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी मिलार्ड यांनी १९०० मध्ये, आणि त्यापाठोपाठ १९०२ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळेच्या चालकांनी, हे कार्य हाती घेतले. तथापि प्रत्येक प्रांताने, किंबहुना प्रत्येक शाळेने, आपापल्या भाषेसाठी ठिपक्यांची निराळी योजना केली. परिणामी एका शाळेत शिकलेल्यास दुसरीकडचे पुस्तक दुर्बोध होई, आणि वाचक विखुरलेले असल्याने मुद्रणाचा खर्च कोणासच परवडत नसे. ठिपके सर्वत्र सहाच होते. अभाव होता तो संकेताच्या ऐक्याचा.

भारत सरकारच्या विनंतीवरून १९४९ मध्ये युनेस्कोने हा प्रश्न हाती घेतला. पॅरिस (१९५०) व बैरुत (१९५१) येथील परिषदांनंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल सिद्ध झाली व त्याच साली डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय स्थापन झाले. मराठीच्या दृष्टीने या लिपीची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. डोळसांच्या लेखनात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. येथे मात्र स्वर उच्चारक्रमानेच व्यंजनामागून येतो. दुसरे असे की, ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार, तसेच श आणि ष, यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. पाटी व टोचा वापरून उजवीकडून डावीकडे उलटे टोचावे आणि कागद फिरवून डावीकडून उजवीकडे वाचावे, हा श्रमसाध्य अभ्यास होता खरा. परंतु त्यामुळे शुद्धलेखन बोटांत मुरत असे.

वाचनाच्या जोडीने उपजीविकेचा प्रश्न होताच. जोगेश्वरी येथील एम. एन. बानाजी अंध उद्योगगृहाचे नावच त्या पिढीच्या दृष्टिकोनाची साक्ष देते. वेताचे विणकाम, हातमाग यांसारखे स्पर्शावर चालणारे व्यवसाय अंधांसाठी योग्य होत, ही समजूत अशा संस्थांच्या मुळाशी होती. तीमुळे अनेकांस स्वकष्टाची भाकरी मिळाली; परंतु कारखान्याबाहेरच्या लेखी व्यवहाराचे दार त्यांना सहसा उघडले नाही. ज्यांना वाचता येई त्यांच्याही हाती पुस्तके थोडीच होती.

१९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची स्थापना झाल्यावर या कार्यास अखिल भारतीय स्वरूप आले. पुढे बोलकी पुस्तके आली. पाश्चात्त्य देशांत ती १९३० नंतरच्या दशकात तबकड्यांवर निघाली होती. फितीमुळे ती स्वस्त झाली. मात्र कोणते पुस्तक ध्वनिमुद्रित करावयाचे, हे वाचणारा स्वयंसेवक व संस्था ठरवीत. ही परस्वाधीनता संगणकावरील पडदावाचकाने कमी केली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी साधनकेंद्र निघाले. २०१२ च्या दुरुस्तीने लेखाधिकार कायद्याची अडचण दूर झाली. आणि २०१४ मध्ये माराकेश कराराला मान्यता देणारे भारत हे पहिले राष्ट्र ठरले.

येथे एक जुना दोष नव्या रूपाने परत आला. मराठी मजकूर अनेक वर्षे परस्परविसंगत टंकांतून टंकलिखित होत राहिला. डोळसास पडद्यावर शुद्ध मराठी दिसे, परंतु यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची मालिका असे. यूनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीस स्थान असूनही पुष्कळ ग्रंथ, प्रबंध व नियतकालिके त्याबाहेर राहिली, किंवा केवळ छायाचित्ररूपाने संगणकावर आली. १९५१ पूर्वीच्या ब्रेलची जी अवस्था होती तीच ही होय. फरक एवढाच की, तेव्हाची विसंगती अंधशाळांनी निर्माण केली होती. ही डोळसांच्या छापखान्यांनी व विद्यापीठांनी केली.

श्रवणाच्या युगाची आणखी एक हानी नोंदविली पाहिजे. प्रचलित मराठी उच्चारात ऱ्हस्व-दीर्घाचा आणि श-ष यांचा भेद बहुधा ऐकू येत नाही. केवळ कानाने शिकलेला विद्यार्थी बहुश्रुत होतो, पण त्याचे लेखन डळमळीत राहण्याचा संभव असतो. यास्तव ब्रेल कालबाह्य झाली असे मानणे अनैतिहासिक होय. संगणकाला जोडलेल्या ब्रेल-पट्टीवर तीच लिपी पुन्हा बोटांखाली येते.

सारांश, साधने बदलली तरी त्यांच्या यशाची अट बदलली नाही. १९५१ मध्ये जो निर्णय परिषदांनी घेतला, तोच आज प्रत्येक लेखकास व संपादकास आपल्या टेबलावर घ्यावा लागतो. प्रबंध कोणत्या संकेतात टंकलिखित होतो, यावर त्याचा एक वाचकवर्ग अस्तित्वात येतो किंवा नाहीसा होतो.