पचनविकारग्रस्तांना शासकीय साहाय्य (पालघर, बोईसर-तारापूर)

जठर, आतडी, यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड यांच्या आजारांत रुग्णाला मिळणारी सरकारी मदत. ती एका खिडकीवर मिळत नाही. निरनिराळ्या योजनांतून जमवावी लागते.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगाराचा पहिला आधार कर्मचारी राज्य विमा. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना तो लागू आहे. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. त्यापुढील विस्तारित लाभासाठी ३४ दीर्घ आजारांची यादी आहे. तिच्या पचनसंस्थेच्या गटात जलोदरासह यकृताचा सिऱ्होसिस आणि जुनाट हिपॅटायटिस एवढेच येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहाचे नाव त्यात नाही. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागणाऱ्या कामगाराला पाळी सुरू असताना यंत्र सोडून उठता येत नाही, ही अडचण यादी करणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवी होती.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत (२०१७ पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी) पचनसंस्थेच्या अनेक शस्त्रक्रिया व उपचार मोफत होतात. विमासंरक्षण प्रतिकुटुंब पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. रुग्णालयातील आरोग्यमित्र शिधापत्रिका, आधार आणि डॉक्टरांचे कागद पाहून पूर्वमंजुरीसाठी प्रकरण पाठवतो. भरती न होता वर्षानुवर्षे चालणारे औषधपाणी मात्र बहुतांशी घरच्याच पैशांतून होते, आणि आतड्याच्या जुनाट दाहात खरा खर्च तोच असतो. हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत आहेत.

दिव्यांग हक्क कायद्याच्या (२०१६) २१ प्रकारांत पचनविकार नाहीत. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर कायमची पिशवी लावून जगणाऱ्यालाही केवळ त्या कारणाने दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. रेल्वेने मात्र अशा पिशवीधारक (ऑस्टोमी) रुग्णांना नावानिशी ओळखले आहे: त्यांना मासिक व त्रैमासिक पासात ५० टक्के सवलत आहे. उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत असल्याने मुंबईच्या रुग्णालयांत वरचेवर जाणाऱ्या बोईसर-पालघरच्या रुग्णाला तिचा उपयोग होतो. जव्हार-मोखाड्याला रेल्वेच नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स यांसारखे आजार नमूद आहेत. त्यामुळे जठर वा आतड्याच्या कर्करोगाचा निराधार रुग्ण तहसील कार्यालयात अर्ज करू शकतो.