रुमालाखालचा भाव

लातूरच्या गंजगोलाईपाशी क्षणभर थांबले म्हणजे नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या योजनेतील चातुर्य ध्यानी येते: १९१७ साली उभारलेली ती दुमजली वर्तुळाकार वास्तू, तिच्या मध्यभागी अंबाबाईचे देऊळ, आणि चाकाच्या आऱ्यांप्रमाणे येऊन मिळणारे सुमारे सोळा रस्ते. निजामी मुलखातील ही पेठ भरभराटीस आली ती केवळ काळ्या जमिनीच्या बळावर नव्हे. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ येथवर आला आणि कुर्डुवाडीमार्गे मुंबई जवळ झाली. नांदेडला गोदावरीच्या खोऱ्यातला लोहमार्ग त्याच्याही आधी पोचला होता. परंतु मुंबईचा भाव इंग्रजी कळदार रुपयांत आणि मुलखातला व्यवहार निजामाच्या हाली शिक्क्यात. शंभर कळदारांना सुमारे एकशे सोळा हाली पडत, आणि हा हिशेब निरक्षर कुणब्याला करून देणारा मनुष्य मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एकच असे, तो म्हणजे आडत्या.

दलाल आणि आडत्या हे दोन शब्द आपण आज सैलपणे वापरतो. पण मोंढ्याच्या व्यवहारात त्यांत मोठे अंतर होते. दलाल विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देई व आपली दलाली घेऊन बाजूला होई. आडत्याच्या दुकानात मात्र मालाची थप्पी लागे, पट्टी त्याच्याच दिवाणजीच्या हातची, पैसा त्याच्याच गल्ल्यातला, आणि पेरणीच्या वेळी दिलेली उचलही त्याच्याच खात्यावर मांडलेली. ज्याने उचल दिली त्याच्याच दुकानी माल घालणे ओघानेच येई. तेव्हा आडत्याची निवड कुणब्याने केली असे म्हणण्यापेक्षा, ती निवड मागच्या मृगातच होऊन गेलेली असे, हे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

त्या काळी देशातील पुष्कळ धान्यपेठांत हत्त्याची रीत होती. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकीत, आणि त्याखाली मुकाट्याने बोटे दाबून भाव ठरत असे. मालाचा धनी ढिगाशेजारी बसून त्या हलणाऱ्या कापडाकडे पाहत राही. आपल्या वर्षभराच्या श्रमाचे मोल त्याखाली ठरते आहे एवढे त्याला ठाऊक असे, किती ठरले ते मात्र पट्टी हाती पडल्यावरच कळे. पट्टीत आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय यांच्या ओळी उतरलेल्या असत, आणि नमुन्यादाखल उचललेल्या मुठी मात्र कोठेच लिहिलेल्या नसत.

हैदराबाद सरकारने १३३९ फसली, म्हणजे इसवी १९३० च्या सुमारास, शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. दोहोंचा रोख आडत्याला हुसकून लावण्याकडे नव्हता. कापड दूर करून भाव उघड्यावर बोलला जावा, तोल परवानाधारकाने करावा आणि कपातीला मर्यादा असावी, एवढ्याकडेच होता.

मुंबईच्या रोख्यांच्या बाजाराचा इतिहास याच वाटेने गेलेला दिसतो. वडाच्या सावलीत जमणाऱ्या दलालांनी १८७५ साली आपली संस्था स्थापन केली. मात्र शेअरचे कागद पुढे शंभरावर वर्षे दलालांच्या हातांतून फिरत राहिले. सेबी या रोखेबाजाराच्या नियामक मंडळाला १९९२ साली कायद्याचे अधिकार मिळाले, १९९६ च्या निक्षेपागार (डिपॉझिटरी) कायद्याने कागद जाऊन डीमॅट खाते आले, आणि २००२ च्या जानेवारीत निफ्टी बीज हा देशातला पहिला ईटीएफ, म्हणजे शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणारा निर्देशांकाचा फंड, सूचिबद्ध झाला. तरीही हैदराबादच्याच एका नामांकित दलाली पेढीने ग्राहकांचे रोखे स्वतःच्या कर्जापोटी गहाण टाकल्याचे उघडकीस आले, आणि २०१९ साली सेबीला तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई करावी लागली. नाव दलालाचे, कृती आडत्याची!

म्हणून नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या औसा रस्त्यावर राहणाऱ्या ज्या गृहस्थाला आज ईटीएफ घ्यावयाचा आहे, त्याने दलाली किती पैशांनी स्वस्त आहे एवढेच पाहून भागणार नाही. युनिट आपल्याच नावाच्या डीमॅट खात्यात जमा झाले की नाही, याची खातरजमा दलालाच्या पट्टीवर न विसंबता थेट निक्षेपागाराच्या विवरणातून करावी; दलालाने मागितलेले अधिकारपत्र कशाकशापुरते आहे ते वाचल्यावाचून सही करू नये; खाते सांभाळण्याचा वार्षिक आकार आणि विक्रीच्या वेळची कपात आधीच विचारून घ्यावी; आणि खरेदीसाठी तो आपण होऊन कर्ज देऊ लागला, तर ती मृगातली उचल आहे असे समजावे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भाव आता क्षणोक्षणी उघड दिसतो, रुमाल उरलेला नाही. पण माल कोणाच्या थप्पीत लागला आहे, हे त्या पडद्यावरून आपोआप कळत नाही. ढिगाशेजारी बसलेल्या त्या कुणब्याला हे विचारण्याची सोय नव्हती, आपल्याला आहे.