हात आपले होते, आता शब्दही आपला हवा

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडं द्या. आज आपण इतिहासावर बोलणार आहोत. हा इतिहास लढायांचा नाही. दुष्काळात पाटी उचलणाऱ्या बायांचा आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं रयतेला खुली केली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गोष्ट मोठी आहे, पण तिच्यात रयत फक्त झोळी पसरून उभी आहे. पुढं इंग्रजी अमलात, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, माणसं सरकारी कामावर खडी फोडत आणि माती वाहत होती. काम कोणतं काढायचं, हे ठरवणारे साहेब होते.

१९७२ चा दुष्काळ तर आपल्या सासवांनी अंगावर काढला. मिलोच्या भाकरी आणि सुकडी त्यांच्या तोंडून अजून ऐकायला मिळते. त्याच काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाईला गड्याएवढीच मजुरी. हे काही थोडं नव्हतं. बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव अशी किती कामं बायांच्या डोक्यावरच्या पाटीनं उभी राहिली! पण तलाव कुठं घ्यायचा, साठलेलं पाणी कुणाच्या उसाला जाणार, हे ठरताना त्या बाया तिथं नव्हत्या.

त्याच दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी लोकांना घेऊन पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम कान देऊन ऐका. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, घरातली माणसं मोजून मिळेल. माणशी अर्धा एकर आणि एका घराला फार तर अडीच एकर भिजेल एवढंच. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः घालायचा.

आता सांगा, सातबाऱ्यावर आपल्यापैकी किती जणींचं नाव आहे? जमीन मोजली तर आपण हिशेबात येत नाही. माणसं मोजली तर येतो. म्हणून पाण्याचे नियम कोण करतो, याला एवढं महत्त्व आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हेच दुसऱ्या तऱ्हेनं केलं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, असं गावानं ठरवलं. पाऊस किती पडला ते मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायची, ही तिथली रीत आहे. आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावोगाव संवाद सहायक म्हणून ज्या बाया पुढं आल्या, त्यांच्यासोबत स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. घरच्यांकडून एखादा एकर मागून घ्यायचा आणि त्यात कमी पाण्याची डाळी-भाजी आपल्या मतानं पिकवायची, हा मार्ग या संस्थेच्या बायांनी धरला. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असंही नाही. हवामान बदलतंय तसा कुणाला पाऊस दगा देतो, तर कुणाच्या दारात समुद्र येतो. दूर प्रशांत महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथल्या वुनिदोगोलोआ गावात समुद्राचं पाणी घरांत शिरू लागलं, तेव्हा २०१४ साली सगळं गाव आत उंचावर हललं. सरकारनं मदत केली, पण घरांसाठी लाकूड आणि हातभार गावानंही दिला. आपल्याकडं पाणी हटतं, तिथं पाणी चढतं. पण गाव वाचवायचं तर गावाला विचारूनच, हे दोन्हीकडं सारखंच.

मैत्रिणींनो, आता पाऊस महिना-महिना दडी मारतो आणि आला की एका रात्रीत बांध फोडून जातो. म्हणजे पुन्हा कामं निघणार, पुन्हा आराखडे होणार. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. तिथं तीन गोष्टी विचारा: यंदा गावात पाणी किती साठलं? त्यातलं प्यायला आणि जनावरांना किती राखलं? उरलेलं कुणाच्या शेताला जाणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा.

आपल्या सासवांनी पाटी उचलली, म्हणून आपण जगलो. आपण निदान तोंड उघडू या. राम राम.