गिअर कुणाच्या हातात?

गिअर या वस्तूशी माझा संबंध फक्त वाहनकर्जापुरता. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि विम्याची तारीख जुळली, की माझ्या लेखी गाडी चालू लागते. मी पडलो बी.कॉम. माणूस; जमा आणि नावे बाजू जुळली की जगात सगळं सुरळीत चाललंय असं समजणारा. पण कळंब्यात राहायचं आणि यंत्राबद्दल मत नाही म्हणायचं, हे शोभत नाही. आमच्याकडे तलाव आहे, मध्यवर्ती कारागृह आहे आणि शहराच्या वाटेवर आयटीआय आहे. म्हणजे पोहायला, सुधारायला आणि नटबोल्ट पिळायला शिकण्यासाठी कळंब्याच्या पोराला लांब जावं लागत नाही.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींची हयात उद्यमनगरात गेली. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याच्या शेजाऱ्यानं हौसेनं तिकडच्या लष्कराचा एक जुना ट्रक घेतला, जीएमसीचा एम-२११. ट्रक दणकट, पण गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, आणि तोच रुसलेला. तो काढून हाताचा गिअर बसवावा काय, असा सवाल समुद्र ओलांडून कळंब्याला आला. मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, तुम्ही वाचता-बिचता. हे आटोमॅटिक मिल्ट्रीत घुसलं कसं, तेवढं बघून सांगा. मग काढायचं का ठेवायचं, ते मी सांगतो." कर्जमाफीच्या परिपत्रकाचा अर्थ लावणाऱ्या माणसाला हे काम जड नव्हतं.

तर ऐका. १९३९ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यात क्लचचं पायडलच नाही. तेलानं भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर ठेवायचे. इंजिनानं एक फिरवला की तेलाच्या रेट्यानं दुसरा फिरतो. पुढचे चार गिअर तेलाच्या दाबावर आपोआप बदलतात. ड्रायव्हरनं फक्त समोर बघायचं.

एवढ्यात महायुद्ध पेटलं. एम-५ जातीच्या स्टुअर्ट रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि प्रत्येकाला एकेक हायड्रामॅटिक बसवला गेला. आणि हेच रणगाडे आपल्याही इतिहासात आहेत बरं का! १ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या सातव्या कॅव्हलरीनं साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत जे रणगाडे नेऊन शत्रूची झोप उडवली, ते हेच स्टुअर्ट. श्रीनगरपर्यंत ते सुटे करून नेले आणि सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून दिली, तेव्हा कुठे ते वर चढले. हे सांगितल्यावर मिस्त्री पहिल्यांदाच ऑटोमॅटिकबद्दल आदरानं गप्प बसले.

ट्रकांची गोष्ट निराळी. त्या युद्धात अमेरिकेचा अडीच टनी जीएमसी पाच लाखांहून जास्त संख्येनं बनला, तो हाताच्या पाच गिअरचा. युद्धानंतर त्याला वारस शोधायची वेळ आली. रिओ कंपनीनं हाताच्या गिअरचा एम-३५ पुढे केला, तर जीएमसीनं हायड्रामॅटिकचा एम-२११. नव्या रंगरुटाला क्लच शिकवण्यात दिवस जाऊ नयेत, हा ऑटोमॅटिकचा मोठा फायदा. १९५० साली कोरियाचं युद्ध सुरू झालं. ट्रक हवे होते कालच! मग दोन्ही कोटेशनं मंजूर झाली. आमच्या बँकेत असं झालं असतं तर ऑडिटरनं तीन पानं लिहिली असती.

पुढे रिओचा ट्रक कंपन्या बदलत बदलत १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिला. जीएमसीच्या भावंडाचं उत्पादन पन्नाशीच्या दशकातच थांबलं, जरी कॅनडाच्या लष्करानं ते पुढे पुष्कळ वर्षं वापरलं. आपल्याकडे १९५९ पासून जबलपूरला जर्मन परवान्यावर 'शक्तिमान' बनू लागला, तोही हाताच्याच गिअरचा.

आता मिस्त्रींची पाळी. "पायडल नाही, म्हंजे पायडल बसवायचं. क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, फ्लायव्हील, सगळं आलं. जोडशाफ्ट कमीजास्त करायचा. आणि तुम्ही म्हणता, चढाला जोर देणारा लो गिअर त्या डब्याच्याच पाठीला चिकटलाय. म्हंजे डबा गेला की जोर गेला! मग मागचा ट्रान्स्फर बॉक्सबी बदला. पण एकदा झालं की कुठलाबी मिस्त्री उघडून बघंल. आटोमॅटिक उघडणारा हुडकायला आणि किती गावं फिरणार?"

मी म्हणालो, "अहो, पण त्या ट्रकाचं नाव इतिहासात आहे ते त्या गिअरबॉक्समुळेच. तो काढला तर उरलं काय?"

"उरला चालता ट्रक. न्हाईतर खुराडं हाय कोंबड्यांचं."

या वाक्यापुढे कॉमर्सचं शिक्षण तोकडं पडतं. महायुद्धानंतर आपल्याकडे डिस्पोजलच्या जीपा आल्या. पेट्रोल परवडेना, तेव्हा कित्येकींच्या पोटात डिझेल इंजिन बसवलं गेलं. जीप तीच राहिली का? माहीत नाही, पण रस्त्यावर राहिली. ज्यांच्या मालकांनी 'ओरिजिनल'चा हट्ट धरला आणि खर्च मात्र धरला नाही, त्या गवतात गेल्या.

आणि गंमत पुढेच आहे. १९९० च्या दशकात अमेरिकन लष्करानं आपले जुने एम-३५ दुरुस्तीला काढले आणि त्यांत नवं कॅटरपिलर इंजिन व ॲलिसनचा गिअरबॉक्स बसवला. तो गिअरबॉक्स ऑटोमॅटिक! म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी मागं पडलेली कल्पना अखेर लष्करानंच मान्य केली. कल्पना चूक नव्हती, घाई झाली होती. तिच्यामागे दुरुस्ती करणारे हात तयार व्हायला वेळ लागला, एवढंच.

म्हणून मी मध्यममार्ग काढला. हाताचा गिअर खुशाल बसवा, पण चौकटीवर करवत-वेल्डिंग न चालवता. काढलेला हायड्रामॅटिक भंगारात घालू नका. तेल लावून, नंबराची चिठ्ठी बांधून जपून ठेवा. उद्या एखादा दुरुस्त करणारा भेटला, तर परत बसवता येईल. तारण ठेवलेलं सोनं आम्ही असंच ठेवतो.

मिस्त्रींनी हे पुतण्याला जसंच्या तसं कळवलं. शेवटी स्वतःची एक ओळ जोडली: "डबा जपून ठेवावा असं बँकेचं साहेब म्हणत्यात. मात्र तो चार माणसांशिवाय हलत न्हाई, तेव्हा कुणाच्या अंगणात ठेवायचा, ते आधी वहिनींना विचारा."