लेकराच्या रूमवर स्मार्ट प्लग, स्मार्ट बल्ब बसवायचाय? आधी बोर्ड बघा, मग ऑर्डर करा

दहावीचा निकाल लागला की औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीरकडची लेकरं लातूरला रूम करून राहतात. कुणी नीटसाठी, कुणी जेईईसाठी. पदवी झालेली पोरं एमपीएससीच्या तयारीला पुण्यात जातात. गादी, बादली आणि टेबल फॅनसोबत हल्ली आणखी एक यादी निघते : स्मार्ट प्लग, स्मार्ट बल्ब, छोटा कॅमेरा. हजार-पाचशेत मिळतं आणि मोबाईलवरून चालतं, म्हणून ऑर्डर केली जाते. मग कळतं की रूमच्या वाय-फायला ते जोडलंच जात नाही. किंवा त्याहून वाईट, त्याच प्लगला कुणीतरी पाणी तापवायचा रॉड लावतं.

वस्तू वाईट नाहीत. पण भाड्याच्या खोलीत कोणती वस्तू कुठे लावायची आणि कुठे लावायचीच नाही, हे आधी कळलं पाहिजे.

थोडक्यात

- दिवा, टेबल फॅन, चार्जर अशा लहान लोडलाच स्मार्ट प्लग लावा.
- रॉड, इंडक्शन, किटली मोबाईलवरून लांबून कधीच चालू करू नका.
- बहुतेक स्वस्त स्मार्ट वस्तूंना २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लागतं. ते नसेल तर पैसे घालू नका.
- राहत्या खोलीत कॅमेरा नको.
- पहिला खर्च चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणि चार्जिंगच्या बल्बवर करा.

रूम बघायला गेल्यावर काय तपासायचं?

१. पॉइंट किती आणि कोणते : लहान तीन भोकांचा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. मोठ्या भोकांचा म्हणजे आपण ज्याला पॉवर पॉइंट म्हणतो तो १६ अँपिअरचा. अनेक खोल्यांत पॉवर पॉइंट नसतोच. तेव्हा पोरं मोठी पिन लहान बोर्डात बसवायला कन्व्हर्टर आणतात. पिन बसते, पण आतली वायर तेवढ्या लोडची नसते.

२. अर्थिंग : बोर्डाला वरचं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंगची वायर आहेच असं नाही. घरमालकाला स्पष्ट विचारा आणि शक्य असेल तर वायरमनकडून बघून घ्या.

३. एमसीबी आणि आरसीसीबी : लोड वाढला किंवा शॉर्ट झालं की एमसीबी पडते. माणसाला शॉक बसत असेल तर करंट तोडते ती आरसीसीबी, आणि माणसासाठी ती ३० मिलीअँपिअरची असावी लागते. वायर एमसीबी वाचवते, माणूस आरसीसीबी वाचवते. खोलीत राहायला पोरं आहेत, त्यामुळे हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

४. बल्बचा होल्डर : आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन पिना अडकवायचा होल्डर असतो, त्याला बी-२२ म्हणतात. आटे असलेला ई-२७. ऑनलाइन ऑर्डर करताना हे बघितलं नाही तर बल्ब परत पाठवायची वेळ येते.

५. परवानगी : स्विचबोर्ड उघडून आत बसवायच्या वस्तू भाड्याच्या खोलीत घेऊ नका. प्लग आणि बल्ब काढता-घालता येतात, त्यांना भिंत फोडावी लागत नाही.

नेट कसलं आहे, त्यावर सगळं अवलंबून

*घरमालकाचं वाय-फाय, एकच पासवर्ड :* सगळ्यात सोपं. फक्त राउटरची दोन नावं दिसली तर शेवटी "५जी" लिहिलेलं सोडून दुसरं निवडा. राउटरवरचं हे ५जी म्हणजे मोबाईलचं ५जी नेटवर्क नव्हे. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि स्वस्त प्लग-बल्ब बहुतेक त्यावर चालत नाहीत.

*हॉस्टेलचं वाय-फाय, दरवेळी लॉगिनचं पान उघडतं :* इथे प्लग जोडला जात नाही, कारण त्या पानावर नाव-पासवर्ड टाकायला प्लगला स्क्रीनच नाही. वस्तू घेण्याआधी हे नक्की विचारा.

*फक्त मोबाईलचं हॉटस्पॉट :* जोडता येतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडावं लागतं. पण लेकरू मोबाईल घेऊन क्लासला गेलं की रूममधलं सगळं ऑफलाइन. म्हणजे लांबून चालवायचा मुद्दाच संपला.

*नेटच नाही :* स्मार्ट वस्तूच्या नादी लागू नका. ठरलेल्या वेळेला बंद होणारा साधा टायमर सॉकेट मिळतो. त्याला ना नेट लागतं, ना अ‍ॅप.

काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने

किमती साधारण आहेत. दुकान आणि कंपनीनुसार कमी-जास्त होतील.

- आयएसआय मार्कचा एक्स्टेन्शन बोर्ड : पहिला नंबर याचा. तीनही पिना असलेला, जाड वायरचा घ्या. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका.
- चार्जिंगचा एलईडी बल्ब, ३०० ते ५०० रुपये : लाइट गेली तरी काही तास चालतो. परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही स्मार्ट बल्बपेक्षा हा जास्त कामाला येतो.
- १० अँपिअरचा स्मार्ट प्लग, ७०० ते १००० रुपये : अभ्यासाचा दिवा, टेबल फॅन, लॅपटॉपचा चार्जर यासाठी. थोडे पैसे जास्त गेले तरी युनिट मोजणारा घ्या.
- ९ वॅटचा स्मार्ट बल्ब, ५०० ते ७०० रुपये : उजेड कमी-जास्त, पांढरा-पिवळा करता येतो. एक खोली, दोन पोरं, एक जागं आणि एक झोपलेलं, तिथे उपयोगी. पण भिंतीवरचं बटण चालू ठेवलं तरच मोबाईलवरून चालतो.
- राउटरचा मिनी यूपीएस, १००० ते १५०० रुपये : ऑनलाइन क्लास असेल आणि लाइट जात असेल तरच. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, बहुतेक १२ व्होल्ट असतं.

बोलून चालणारा स्पीकर शेवटी, तोही पैसे उरले तर. वरच्या वस्तू मोबाईलच्या अ‍ॅपवर चालतात, त्यांना स्पीकरची गरज नाही.

प्लग जोडायची पद्धत

१. मोबाईल आधी २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा.
२. अ‍ॅप खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून किंवा प्ले स्टोअरवर कंपनीचं नाव शोधूनच घ्या. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून घेऊ नका.
३. खातं लेकराच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा. दुकानदाराच्या किंवा मित्राच्या मोबाईलवर नको. ज्याचं खातं, त्याच्या हातात बटण.
४. प्लग बोर्डात लावून त्याचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा. दिवा भरभर लुकलुकायला लागला की प्लग जोडायला तयार आहे.
५. अ‍ॅपमध्ये नवीन वस्तू जोडायचा पर्याय निवडून वाय-फायचा पासवर्ड टाका. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू लागतं, नाहीतर वस्तू सापडत नाही.
६. लाइट परत आल्यावर काय व्हावं, हे सेटिंगमध्ये ठरवा. प्लगसाठी "बंद" निवडा. बल्बसाठी "आधी होता तसा" निवडा. हे केलं नाही तर रात्री तीनला लाइट आली की बल्ब भक्कन पेटतो आणि अख्खी रूम जागी होते.
७. शेवटी राउटर बंद करून प्लगवरचं बटण हाताने दाबून बघा. नेट नसतानाही हाताने चालू-बंद झालंच पाहिजे.

वॅटचं गणित : हे पाठच करा

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. अँपिअरला २३० ने गुणलं की वॅट मिळतात. ६ अँपिअरचा पॉइंट म्हणजे १३८० वॅट. १० अँपिअरचा प्लग म्हणजे २३०० वॅट.

फसवणूक इथेच होते. प्लगवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो ज्या बोर्डात बसतो तो ६ अँपिअरचा असतो. दोघांत जो आकडा लहान, तोच खरा.

- मोबाईल, लॅपटॉपचा चार्जर : २० ते ६५ वॅट. चालेल.
- एलईडी दिवा : ९ वॅट. चालेल.
- टेबल फॅन : ५० ते ६० वॅट. चालेल.
- इस्त्री : ७५० ते १००० वॅट. थेट बोर्डात लावा, समोर उभं राहून वापरा.
- किटली : १५०० वॅट. लहान पॉइंटवर नको.
- रॉड : १००० ते १५०० वॅट. स्मार्ट प्लगवर नको.
- इंडक्शन : १८०० ते २००० वॅट. फक्त पॉवर पॉइंटवर.

रॉडबद्दल वेगळं सांगायलाच हवं

"सकाळी पाचला आपोआप पाणी तापेल" ही कल्पना प्रत्येक पोराच्या डोक्यात येते. १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग मिळतो, रॉडचा लोडही तो घेतो. मग अडचण काय?

अडचण रॉडची आहे. गिझरमध्ये पाणी तापलं की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो. रॉडमध्ये तसं काही नसतं. बादली रिकामी असली, रॉड कलंडून प्लास्टिकला टेकला किंवा पाणी आटलं तरी तो तापतच राहतो. टायमरला बादलीत पाणी आहे की नाही हे दिसत नाही. प्लगमधलं बटण आतून चिकटलं तर अ‍ॅपवर "बंद" दिसेल आणि रॉड चालूच असेल. त्याच खोलीत गादी, वह्या, वाळत घातलेले कपडे असतात.

म्हणून नियम साधा आहे. आधी बादलीत पाणी, मग पाण्यात रॉड, मग बटण. काढताना आधी बटण बंद, पिन बाहेर, मग रॉड. चालू रॉडच्या पाण्यात बोट घालून बघायचं नाही. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला १५०० वॅटच्या रॉडला साधारण १८ मिनिटं लागतात. तेवढा वेळ खोलीतच थांबायचं आणि मोबाईलवर गजर लावायचा. इथे मोबाईलचा उपयोग एवढाच.

बिल खरंच कमी होतं का?

१००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. महिन्याचा हिशोब असा :

- जुना छताचा पंखा, ७५ वॅट, रोज १५ तास : सुमारे ३४ युनिट
- रॉड, १५०० वॅट, रोज २० मिनिटं : १५ युनिट
- लॅपटॉप, ६५ वॅट, रोज ५ तास : सुमारे १० युनिट
- एलईडी बल्ब, ९ वॅट, रोज १० तास : पावणेतीन युनिट

म्हणजे एलईडी आधीच असेल तर स्मार्ट बल्बने बिलात काही फरक पडत नाही. बिल वाढवतो तो पंखा. क्लासला जाताना पंख्याचं बटण बंद करायची सवय फुकट आहे. घरमालक बीएलडीसी पंखा बसवायला तयार असेल तर तो साधारण ३० ते ३५ वॅटवर चालतो, म्हणजे निम्म्याहून कमी.

सबमीटर असेल तर राहायला गेल्याच्या दिवशी आकड्याचा फोटो काढून ठेवा. युनिटचा दर आधीच ठरवून घ्या. युनिट मोजणारा प्लग असेल तर लॅपटॉप, दिवा किती खातो हे महिनाअखेरीला दाखवता येतं. वाद घालण्यापेक्षा आकडा दाखवणं सोपं.

कॅमेरा : आई-वडिलांसाठी दोन शब्द

लेकरू, त्यातून मुलगी, पहिल्यांदा घराबाहेर राहते. काळजी वाटणारच. म्हणून कुणी म्हणतं, रूममध्ये कॅमेरा लावू या, गावाकडून बघता येईल.

पण त्या खोलीत दुसऱ्याचंही लेकरू राहतं. तिथेच कपडे बदलले जातात. पासवर्ड फुटला तर ते चित्र कुठे जाईल सांगता येत नाही. कुणाच्या खाजगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलीचं चोरून चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. हेतू चांगला असला तरी राहत्या खोलीत कॅमेरा नकोच.

घरमालकाचा कॅमेरा गेटवर, जिन्यात असेल तर ठीक. खोलीत, बाथरूमकडे तोंड करून असेल तर लगेच हरकत घ्या. संशय आला तर वस्तूला हात न लावता फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. ऑनलाइन काही पसरलं असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

चोरीची भीती असेल तर आधी चांगलं कुलूप घ्या. त्यानंतर वाटलं तर दाराला लावायचा सेन्सर, जो दार उघडलं की मोबाईलवर मेसेज देतो. त्यात कुणाचं चित्र येत नाही.

आणखी एक. प्लग, बल्बचं अ‍ॅप घरच्यांच्या मोबाईलवरही शेअर करता येतं. म्हणून रात्री अकराला "दिवा बंद दिसतोय, अभ्यास सोडला का?" असा फोन करू नका. दिवा बंद म्हणजे पोरगं अभ्यासिकेतही असेल. तब्येत, जेवण, मन कसं आहे हे बल्ब सांगत नाही. ते फोनवर बोलूनच कळतं.

रूम सोडताना

वस्तू अ‍ॅपमधून काढून टाका, मग बटण दाबून धरून रीसेट करा. तसाच विकला किंवा मागे सोडला तर तो तुमच्याच खात्याला जोडलेला राहतो आणि पुढच्याला वापरता येत नाही. घरमालकाचा जुना बल्ब जपून ठेवलेला असेल तर परत लावा, डिपॉझिटमधून पैसे कापायला कारण उरत नाही.

रूम बघायला जाताना ही यादी मोबाईलमध्ये सेव्ह करून न्या. भाडं किती हे सगळेच विचारतात. अर्थिंग आहे का, हेही विचारा.