कोंबडीची पिले : आरंभिक आहार

अंड्यातून बाहेर पडल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत कोंबडीच्या पिलास द्यावयाच्या खाद्यास आरंभिक आहार म्हणतात. व्यापारात ते ‘स्टार्टर’ किंवा ‘चिक मॅश’ या नावांनी ओळखले जाते. अंड्यांसाठी पाळावयाच्या जातींत ते सु. आठ आठवडे देतात. मांसासाठी वाढविलेल्या पक्ष्यांत हा काळ पुष्कळच कमी असतो. पूर्वी पिलाला ऊब, अन्न आणि संरक्षण या तिन्ही गोष्टी कोंबडीकडून मिळत. कृत्रिम उबवणीमुळे पिलू आईपासून दुरावले आणि तिचे काम उबवण यंत्र, पेंडीची गिरणी व प्रयोगशाळा यांच्यात वाटले गेले. पुणे परिसरात हा बदल जवळजवळ सर्व टप्प्यांनी पाहावयास मिळतो. तयार खाद्य मिळेनासे झाले की पिलांचे काय करावे, हा प्रश्नही याच बदलातून निर्माण झाला आहे.

नैसर्गिक संगोपन : मावळ, मुळशी, भोर इ. भागांत घरोघरी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवीत. एकविसाव्या दिवशी पिले निघाली की त्यांना काही दिवस डालग्याखाली ठेवून तांदळाची कणी किंवा ज्वारी-बाजरीचा भरडा टाकीत. हे धान्य म्हणजे त्यांचा संपूर्ण आहार नव्हे. उकिरडा उकरून कोंबडी पिलांना किडे, अळ्या व कोवळे कोंब दाखवीत असे. वाळवी लागलेले लाकूड किंवा वारुळाचा तुकडा आणून पिलांपुढे फोडण्याची रीतही खेड्यांतून आढळते. धान्यात कमी पडणारी प्रथिने पिलांना अशा रीतीने मिळत आणि उन्हातील वावरामुळे ड जीवनसत्त्वाची गरज भागे. घार, कावळा, मांजर व मुंगूस यांच्यामुळे बरीच पिले दगावत. तथापि जी जगत त्यांचा आहार समतोल असे.

बलकाचा साठा : अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिलू उरलेला पिवळा बलक आपल्या उदरात ओढून घेते. त्याच्या आधारावर ते दोन ते तीन दिवस अन्नपाण्याविना तग धरू शकते. एक दिवसाची पिले खोक्यांत भरून दूरच्या गावी पाठविण्याचा व्यापार निसर्गाच्या या तरतुदीवरच उभा आहे. ही सवलत म्हणजे आहाराला उशीर करण्याची मुभा मात्र नव्हे. मुक्कामी पोहोचताच पिलांना प्रथम पाणी व लगेच खाद्य द्यावे लागते. विलंब झाल्यास आतड्यांची वाढ मंदावते आणि अशक्त पिले पुढे खाद्यापाशी पोहोचतच नाहीत.

शास्त्रीय पार्श्वभूमी : केवळ धान्यावर पक्षी का जगत नाहीत, याचा उलगडा एका काटकसरीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात डच वैद्य क्रिस्तिआन आइकमन बटाव्हिया (आताचे जाकार्ता) येथे बेरीबेरी या रोगाचे संशोधन करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना खर्च वाचविण्यासाठी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील सडलेल्या तांदळाचा शिळा भात घालण्यात येऊ लागला आणि त्यांना पायांचा पक्षाघात झाला. पुढे आलेल्या नव्या आचाऱ्याने हा भात देण्याचे नाकारले. तेव्हा बिनसडीचा तांदूळ पुन्हा सुरू झाला व कोंबड्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यातील आवश्यक घटक पुढे ब१ जीवनसत्त्व (थायामीन) म्हणून ओळखला गेला. या कार्याबद्दल आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

घरात कोंडून वाढविलेल्या पिलांचे पाय लुळे पडतात, हा दुसरा अनुभव होता. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यास हा दोष टळतो, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२० नंतरच्या दशकात दिसून आले. ड जीवनसत्त्व हे त्याचे कारण होते. यामुळे पिले वर्षभर छपराखाली वाढविणे शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धात कॉड तेलाची आयात खुंटल्यावर भारतात शार्कच्या यकृताच्या तेलाचे उत्पादन वाढले. त्यात अ जीवनसत्त्व विपुल, पण ड जीवनसत्त्व कमी असते. १९४८ मध्ये ब१२ जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले आणि मासळीचा कुट्टा किंवा दुधाचे पदार्थ घातलेल्या खाद्यावर पिले अधिक जोमाने का वाढतात, याचाही बराचसा खुलासा झाला.

पुणे परिसरातील संस्था : पशुरोगांच्या संशोधनासाठी स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे गेली. तिच्याच परंपरेतील इझ्झतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत १९३९ मध्ये कुक्कुट संशोधन विभाग निघाला आणि १९७९ मध्ये त्याचे स्वतंत्र केंद्रीय संस्थेत रूपांतर झाले. खुद्द पुण्यात खडकी येथे राज्य शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. बंदा वासुदेव राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाचे मुख्यालय पुढे पुण्यात आले. अंड्यांच्या दराचा प्रश्न हाती घेणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली; तिच्या उभारणीतही राव यांचा पुढाकार होता. उबवणी, पैदास, खाद्यनिर्मिती व विक्री एकाच साखळीत आल्याने पिलांच्या मरतुकीला आळा बसला. परंतु पाळणारा मात्र गोणीतील खाद्यावर सर्वस्वी अवलंबून राहिला.

पेंड व सोयाबीन : प्रथिनांसाठी महाराष्ट्रात प्रथम भुईमुगाची पेंड वापरात होती. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पिले मेली. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे विष त्यास कारणीभूत असल्याचे पुढे सिद्ध झाले. तेव्हापासून ओलसर, बुरसटलेली पेंड पिलांना न देण्याचा दंडक पडला. पुढे तिची जागा मुख्यतः सोयाबीनच्या पेंडीने घेतली. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने (स्थापना १९४६) ‘एमएसीएस’ या नावाने सोयाबीनचे अनेक वाण विकसित केले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असल्याने ते भाजून किंवा उकडूनच पिलांना द्यावे लागते.

तुटवड्याचे प्रसंग : धान्य हे माणसाचे व कोंबडीचेही अन्न असल्याने दुष्काळात दोघांत स्पर्धा उत्पन्न होते. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात माणसांनाच शिधावाटपातील मिलो ज्वारीवर दिवस काढावे लागले. २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसाविषयी पसरलेल्या अफवांमुळे भाव कोसळले आणि मार्चअखेरच्या टाळेबंदीत खाद्याची वाहतूकही विस्कळित झाली. २०२१ मध्ये सोयाबीनचे भाव इतके चढले की, केंद्र शासनाने ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. यांपैकी प्रत्येक प्रसंगाचे कारण निराळे होते. पिलू मात्र खाद्यासाठी थांबू शकत नाही, ही अडचण सर्वांत समान होती.

पर्यायी आहार : तयार खाद्य नसल्यास पहिले एक-दोन दिवस मका, ज्वारी किंवा तांदूळ यांचा बारीक भरडा चालतो. त्यापुढे केवळ भरड्यावर पिलांची वाढ खुंटते. अंड्यांच्या जातींच्या पिलांच्या खाद्यात सु. २० टक्के प्रथिने असावी लागतात. ज्वारी व मका यांत ती सु. ९ ते ११ टक्केच असून त्यांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. ही उणीव उकडून कुस्करलेले अंडे, मीठ धुऊन वाळविलेल्या सुकटीची पूड, भाजलेल्या सोयाबीनचा भरडा किंवा कोरडी, स्वच्छ पेंड यांनी भरून काढता येते. सोयाबीनमध्ये मेथिओनीन कमी असते. तिळाच्या पेंडीत ते विपुल असल्याने दोन्ही एकत्र देणे हितावह ठरते. बारीक चिरलेला कोवळा पाला, थोडा तांदळाचा कोंडा व रोजचे कोवळे ऊन यांनी जीवनसत्त्वांची बरीच गरज भागते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य घरात असले, तरी ते पिलांना देऊ नये. त्यात कॅल्शियम ३ ते ४ टक्के असते, तर पिलांना सु. १ टक्का पुरते. अधिक कॅल्शियमाने त्यांच्या मूत्रपिंडांस इजा होते. पहिल्या आठवड्यात ३२° ते ३५° से. ऊब न मिळाल्यास उत्तम खाद्यही व्यर्थ जाते, कारण गारठलेली पिले घोळका करून बसतात व खात नाहीत. हा पर्यायी आहार काही दिवसांची निकड भागविण्यापुरताच समजावा. झपाट्याने वाढणाऱ्या मांसल जातींना तो पुरा पडत नाही. देशी व परसातील सुधारित जाती त्यावर तुलनेने बऱ्या तग धरतात.

महत्त्व : राज्य शासनाच्या एका योजनेत लाभार्थींना सुधारित जातीची एक दिवसाची १०० पिले गटाने देण्यात येतात. आठ आठवड्यांत प्रत्येक पिलू साधारणतः दोन किग्रॅ. खाद्य खाते; म्हणजे शंभर पिलांना सु. दोन क्विंटल खाद्य लागते. भूमिहीन अथवा अल्पभूधारक कुटुंबाला हा खर्च मध्येच झेपेनासा झाला, तर पिलांबरोबर त्या कुटुंबाची उत्पन्नाची आशाही नष्ट होते. म्हणूनच गोणीत काय असते आणि ते कशासाठी असते, हे ज्ञान गोणीइतकेच मोलाचे ठरते. कोंबडी उकिरड्यावर जे सहज मिळवून देत असे, ते माणसाला घटक ओळखून व मोजून द्यावे लागते.